पुरेसा पुरावा आढळला नाही

सरितानं मोबाइल पुढं धरला तेव्हा मिनल पांढरीपांडे स्टाफरूममध्ये डबा उघडून बसली होती, आणि पहिल्या क्षणी तिला एवढंच दिसलं की आपलं तोंड फार मोठं झालं आहे. या खांबापासून त्या खांबापर्यंत. कॉलेजच्या वार्षिकांकातला तिचा जुना फोटो कुणीतरी कापून घेतला होता, मागं निळं पाणी उसळत होतं, शेजारी हात जोडलेले चार पुढारी होते, आणि खाली पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘नवपल्लवी लेआउटचे पाणी शंभर टक्के शुद्ध! संख्याशास्त्र विभागप्रमुख डॉ. मिनल पांढरीपांडे यांच्या अहवालाने सिद्ध!’ तिची नजर ‘सिद्ध’ या शब्दावर जाऊन पडली ती तिथून निघेना. “आमच्या गेटवर लागलं मॅडम, आज सकाळी,” सरिता म्हणाली. एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, त्याच लेआउटमध्ये राहायची, आणि आपल्या मॅडमचा फ्लेक्स लागला याचं तिला कोण कौतुक. “आजी तर सगळ्यांले सांगून राहिली, आमच्या सरिताची मॅडम आहे म्हणून.” मिनलनं डब्याचं झाकण लावलं. “किती बिनडोक माणसं असतात गं,” ती म्हणाली, आणि सरिताचं हसू जागच्या जागी थिजलं. आपण कुणाला म्हणालो हे सांगायची मिनलला गरज वाटली नाही.

फोटो न विचारता वापरला, पुढाऱ्यांच्या रांगेत उभं केलं, हे एक वेळ चाललं असतं. नागपुरात प्रत्येक चौकात कुणाचा ना कुणाचा वाढदिवस फडफडत असतो, त्यात आपलं एक तोंड. पण ‘सिद्ध’? या एका शब्दापायी तिनं उभी नोकरी पोरांचा जीव नकोसा केला होता. पहिल्याच तासाला ती फळ्यावर लिहायची: आपण काहीही सिद्ध करत नसतो. शून्य गृहीतक म्हणजे काय, तर वाद सुरू करायला म्हणून धरून चाललेलं एक म्हणणं. या पोत्यांचं सरासरी वजन पन्नास किलोच आहे. या बल्बांचं सरासरी आयुष्य हजार तासच आहे. मग त्यातला थोडा नमुना घ्यायचा, मोजायचा, आणि स्वतःला विचारायचं, म्हणणं खरं असतं तर असला नमुना हाती लागणं कितपत शक्य होतं? फारच अशक्य वाटलं तर म्हणणं नाकारायचं. नाहीतर, नाकारायचं नाही. बस. आणि इथंच दरवर्षी घोडं पेंड खायचं. ‘नाकारत नाही’ एवढे दोन शब्द लिहायला कार्ट्यांच्या जिवावर यायचं. पेपरात जो तो ‘गृहीतक स्वीकारले’ लिहून मोकळा. ती लाल पेनानं त्याला असा गोल करायची की कागद फाटायचा. कुणी स्वीकारलं? तुम्ही? कशाच्या जोरावर? अरे, खोलीत एकदा डोकावलात आणि मांजर दिसली नाही, म्हणजे खोलीत मांजर नाही असं होतं का? पलंगाखाली पाहिलंत? किती वेळ पाहिलंत? पोरं हसायची, मांजरीचं चित्र वहीत काढायची, आणि परीक्षेत पुन्हा ‘स्वीकारले’ लिहायची. सहकारी तरी काय दिवे लावत होते? अख्खा विभाग पाट्या टाकत होता. कॉम्प्युटर आकडा देतो, आकडा पाच टक्क्यांच्या खाली की टाळ्या, वर की हळहळ, आणि त्या आकड्याचा अर्थ विचारला की प्रत्येकजण अकलेचे तारे तोडायला तयार. या सगळ्या गोतावळ्यात ते वाक्य नेमकं लिहू शकणारी आपण एकटी, ही गोष्ट तिला रोज सकाळी आंघोळीइतकी ताजंतवानं करायची.

आणि नवपल्लवीच्या अहवालातलं तिचं वाक्य तर हिऱ्यासारखं होतं. तिला ते पाठ होतं. ‘पाच टक्के सार्थकता पातळीवर, लेआउटमधील बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडचे सरासरी प्रमाण विहित मर्यादेपेक्षा अधिक असल्याचा पुरेसा पुरावा आढळला नाही.’ एक शब्द काढायला नको, एक घालायला नको. हे काम प्राचार्यांनी तिच्या गळ्यात मारलं होतं. उमरेड रोडच्या पलीकडं शेतं मोडून झालेला लेआउट, अजून नळ नाहीत, घरोघरी बोअर. कुणीतरी तक्रार केली की पाणी तुरट लागतं, लहान पोरांचे दात खराब होऊन राहिलेत. तेव्हापासून टँकर सुरू झाला. मग सोसायटीला वाटलं, कॉलेजचा शिक्का असलेला एक कागद असलेला बरा. मर्यादा लिटरमागं दीड मिलिग्रॅमची. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दात जातात, मग हाडं. सरिता स्वतः बाटल्या भरून घेऊन आली होती, जेवढ्या घरांनी दार उघडलं तेवढ्या. फार घरांनी उघडलं नव्हतं. नमुन्याची सरासरी दीडच्या वर आली. चांगली वर आली. पण एका बोअरचा आकडा अगदी कमी, दुसऱ्याचा दुपटीला टेकलेला, अशी सगळी फेकाफेक. आणि एवढ्याशा बाटल्यांमध्ये एवढी फेकाफेक असली की वर आलेली सरासरी नुसत्या योगायोगानंही वर येऊ शकते. तशी शक्यता शंभरात आठ निघाली. आठ हे पाचाहून जास्त. म्हणून नाकारायचं नाही. आणखी बाटल्या घ्यायला हव्यात, दुपटीला टेकलेल्या त्या एका घराला निदान वेगळं सांगायला हवं, हे तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण ज्याला वाचता येतं त्याला ते त्या वाक्यातच दिसतं, आणि ज्याला येत नाही त्याच्यासाठी मी काय बालवाडी उघडू? तेव्हा सरितानं कागद हातात घेऊन विचारलं होतं, “मॅडम, म्हणजे पाणी प्यायचं का नाही प्यायचं?” “वाक्य वाच.” “वाचलं मॅडम.” “मग परत वाच,” मिनल म्हणाली होती. सरितानं परत वाचलं होतं आणि कागद फाइलीत ठेवला होता.

“चल,” मिनल म्हणाली. “गाडीत बस. तो फ्लेक्स मी माझ्या डोळ्यांसमोर उतरवून घेणार आहे.” एप्रिलची दुपार होती. रस्त्यावर माणूस नाही, होते ते दुपट्ट्यांत तोंडं गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून स्कूटीवर. गाडीत गार होतं. दिघोरीचा चौक गेला, मग टायरांची दुकानं, मग लग्नाचे लॉन, मग एकाखाली एक प्लॉटांच्या जाहिराती. सरिता मांडीवर ओढणी घट्ट धरून बसली होती आणि मधूनच तिला विचारत होती, “मॅडम, एसी कमी करू का जी?” या ‘जी’ची, या ‘करून राहिली’ची मिनलला लहानपणापासून चीड. घरात असं बोललं की अण्णा नुसते चष्म्यावरून बघायचे. अण्णा म्हणजे तिचे वडील, सरकारी कचेरीतले हेडक्लार्क, आणि नाकानं कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारा सगळ्या धरमपेठेत कुणी नव्हता. मिनलनं गिअर बदलला आणि तिचा हात सवयीनं शेजारच्या पर्समधल्या बाटलीला लागला. घरच्या फिल्टरचं पाणी. ही बाटली घेतल्याशिवाय ती कुठं जात नसे, लग्नाला नाही, मयताला नाही. दगदगीच्या दिवसांत आजारी पडायला तिला वेळ नव्हता, इतकंच त्याचं कारण होतं.

अण्णांजवळ फिरकीचा तांब्या असायचा. पितळेचा, झाकण फिरवून बसवायचा. तो उघडताना जो करकर आवाज यायचा तो मिनलला आजही दाढेत जाणवतो. एकदा कोराडीच्या कॉलनीत अण्णांच्या कचेरीतल्या एका माणसाच्या भावाकडं बारसं होतं. नवी नोकरी, नवं क्वार्टर, दारात रांगोळी, अंगणात वीजकेंद्राच्या राखेचा बारीक थर, आणि त्या घरची बाई तबकात स्टीलचे पेले घेऊन समोर उभी. तिनं पदर डोक्यावर नीट केला होता. अण्णांनी पिशवीतून तांब्या काढला, झाकण फिरवलं, करकर, करकर, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “राग मानू नका हं वहिनी, बाहेरचं पाणी मला बाधतं.” बाई म्हणाली, “हो हो, बरं आहे ना.” आणि तबक हातात घेऊन तशीच उभी राहिली, कारण ते आता कुठं ठेवायचं हे तिला सुचत नव्हतं. अण्णा सगळीकडं असंच म्हणत. पण मिनल मोठी होत गेली तसं तिला दिसलं, की लक्ष्मीनगरातलं पाणी त्यांना बाधत नाही, रामदासपेठेतलं बाधत नाही, काही काही घरांतलंच तेवढं बाधतं. कॉलेजात गेल्यावर तिनं एकदा तोंडावर म्हटलं, “अण्णा, तुम्हांला पाणी बाधत नाही. माणसं बाधतात.” अण्णा जराही चिडले नाहीत. वर्तमानपत्राची घडी केली आणि म्हणाले, “पुरावा काय?” तिनं त्या दिवसापासून त्यांचा जो तिरस्कार केला तो त्यांच्या तेराव्यापर्यंत निष्ठेनं केला. नवपल्लवीची कमान दिसली तेव्हा तिनं गाडी बाजूला घेतली.

फ्लेक्स प्रत्यक्षात आणखी वाईट होता. गरम वाऱ्यानं तो फुगत होता आणि तिचे गाल आत-बाहेर होत होते. खाली पत्र्याच्या शेडमध्ये टेबलफॅन लावून नत्थूजी बसले होते. सोसायटीचे सचिव तेच, उरलेल्या प्लॉटांचे दलालही तेच. “अरे बाप रे, साक्षात मॅडम!” म्हणत ते उठले. “हा फ्लेक्स आत्ताच्या आत्ता उतरवा,” मिनल म्हणाली. “काहून जी? फोटो बराबर नाही आला का?” “पाणी शुद्ध आहे असं मी कुठंही लिहिलेलं नाही.” नत्थूजींनी ड्रॉवरमधून तिचा अहवाल काढला. तो त्यांनी लॅमिनेट करून ठेवला होता. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, त्यांनी तिचं हिऱ्यासारखं वाक्य मोठ्यानं वाचलं. “जास्त असल्याचा पुरावा नाही. जास्त नाही म्हणजे कमी, कमी म्हणजे साफ. आता मी का चूक बोलून राहिलो?” “जास्त नाही असं मी म्हटलेलं नाही. जास्त असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असं म्हटलंय.” “तेच तं!” “ते तेच नाही!” मिनलचा आवाज चढला. नत्थूजींनी तिच्यासाठी खुर्ची पुसली. “हे पाहा मॅडम. कोर्टात पुरावा नाही भेटला तं माणूस सुटते का नाही सुटत?” “सुटतो. पण म्हणून निर्दोष ठरत नाही.” “पण घरी जाते का नाही जात? मंग झालं. आमचं पाणीबी घरी गेलं. टँकर केला बंद परवापासून.” टँकर बंद केल्याचं तिला माहीत नव्हतं. नत्थूजी आता जरा गंभीर झाले, पुढं वाकले. “बरं, पाणी खराब आहे का? तसं म्हणा. खराब आहे, असं एका वळीत लिहून द्या, संध्याकाळच्या आत टँकर उभा करतो. आपल्याले कोणाची लेकरं मारायची नाहीत.” “तसंही मी म्हणत नाही,” मिनल म्हणाली. “चांगलं आहे म्हणत नाही, खराब आहे म्हणत नाही. मंग तुमचं म्हणणं का आहे मॅडम?” नत्थूजींनी हे अगदी सरळ विचारलं, आणि तिला त्यांच्या तोंडातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्‍याचा, घामाचा, त्या लॅमिनेशनच्या चकाकीचा असा काही किळस आला की तिनं नुसतं, “ज्यांना समजतं त्यांच्यासाठी ते लिहिलंय,” असं म्हटलं आणि पाठ फिरवली. मागं ते कुणाला तरी सांगत होते, मॅडम लय हुशार आहेत, लय.

“मॅडम, आल्याच आहात तं घरी चला न,” सरिता म्हणाली. “इथंच आहे. आजीले लय बरं वाटेल.” मिनलला जायचं नव्हतं. पण डोकं ठणकत होतं, आणि शेडमधल्या त्या माणसाच्या नजरेसमोर गाडीत बसून पळाल्यासारखं करायचं नव्हतं. घर दोन खोल्यांचं होतं, स्वच्छ, बाहेर पत्र्याच्या डब्यांत सदाफुली. आत कूलर घरघरत होता आणि ओल्या वाळ्याचा वास होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यावर पंचशीलाचा छोटा ध्वज. खाली फरशीवर एक लहान मुलगी पालथी पडून खडूनं रंगवत होती, सरिताच्या भावाची. सरिताची आजी मीराबाई खाटेवरून उठल्या. केस पांढरेशुभ्र, लुगडं इस्त्रीचं, मिनल येणार हे जणू सकाळपासून ठाऊक असल्यासारखं. “या न मॅडम, या. बसा. उन्हातून आल्या. सरिता वं, पाणी आण आंधी.” बसायच्या आधी पाणी, बोलायच्या आधी पाणी; कुहीसारखं गाव असो की नागपूर, याला कुठं अपवाद नाही. सरितानं माठातून पेला भरला, ताटलीत ठेवला, ताटली मिनलसमोर धरली. पेल्याला बाहेरून घाम आला होता. मिनलचा घसा सुकून लाकूड झाला होता. आणि तिचा हात आपला आपण पर्समध्ये गेला, बाटली बाहेर आली, झाकण फिरलं, आणि तिनं घटाघटा चार घोट घेतले. तहान भागल्यावर तिनं वर पाहिलं. सरिता ताटली धरून तशीच उभी होती.

मग मीराबाईच बोलल्या, आणि त्यांच्या आवाजात टोमण्याचा लवलेश नव्हता. “बरं केलं जी. आपलं पाणी आपल्याजवळ असलेलं बरं. बाहेरचं बाधते.” आणि त्यांनी नजर तिच्यावरून काढून कूलरकडं नेली. मिनलच्या कानांत करकर वाजलं. नाही, तिला ओरडावंसं वाटलं, नाही हो, ते नाही! मी अण्णा नाही! मी पाणी घेतलं नाही ते पाण्यासाठी, तुमच्यासाठी नाही. मला आकडे ठाऊक आहेत. पण हे म्हणायचं कसं? तुमच्या पाण्यात दोष आहे, असं म्हणायचं? जिनं दहा मिनिटांपूर्वी त्या नत्थूला ‘खराब आहे असं मी म्हणत नाही’ म्हणून सुनावलं, तिनं? आणि म्हटलं तरी ते कशासारखं ऐकू येईल? अण्णांसारखंच. त्यांनी तरी दुसरं काय म्हटलं होतं जन्मभर, पाण्यातच दोष आहे, माणसांत नाही, राग मानू नका हं वहिनी. कृती एक, आणि तिची कारणं दोन. तिनं वर्गात म्हटलं असतं, एका निरीक्षणावरून उडी मारू नका, एवढ्याशा नमुन्यावर बाईला दोषी ठरवू नका. पण मीराबाईंजवळचा नमुना एवढासा नव्हता. छप्पन साली मायच्या काखेत बसून दीक्षेला गेलेली बाई, हे सरितानंच कधीतरी सांगितलेलं. तेव्हापासून तिच्या उंबऱ्यातून किती बाया आत आल्या असतील, किती जणींच्या पर्समधून, पिशवीतून, पदराखालून आपापलं पाणी निघालं असेल, आणि प्रत्येकीला ते आजच नेमकं बाधत असेल. ‘या बाईला आपल्या घरचं चालतं’ हे गृहीतक मीराबाईंनी रास्तपणे, पूर्ण हिशेबानं नाकारलं होतं, आणि नाकारून वर सांभाळूनही घेतलं होतं. त्या सांभाळून घेण्याचाच मिनलला सगळ्यात जास्त संताप आला. माझी कीव करता? माझी?

“नाही हो, तसं काही नाही,” ती फारच मोठ्यानं म्हणाली. सरितानं मागं घेतलेल्या ताटलीतला पेला तिनं जवळजवळ ओढून घेतला, तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. पाणी गार होतं. किंचित तुरट. शेवटचा घोट घेऊन तिनं पेला ताटलीत ठेवला आणि मीराबाईंकडं असं पाहिलं जसं पोर पेपर लिहून झाल्यावर मास्तरकडं पाहतं. मीराबाईंचा चेहरा बदलला होता. तो असा उजळला की मिनलला क्षणभर फार बरं वाटलं, फार हलकं, अण्णांना मेल्यावर का होईना हरवल्यासारखं. “पाहाय वं सरिता!” मीराबाई म्हणाल्या. “मी म्हटलं नव्हतं? ज्याले कागद कळते तेच पिऊन राहिले तं आपल्याले काय धाड भरली?” मग मिनलकडं वळून, अगदी घरच्यासारखं, “का सांगू मॅडम. टँकर बंद झाला तरी ह्या पोरीले आम्ही कॅनचंच पाजून राहिलो. सगळा लेआउट बोअरचं प्यायला लागला, आज तुमचा तो बोर्डबी लागला, पण माझं मन काही घेये ना. सरिताले इचारलं तं थे म्हणे मॅडमनं वाक्य वाच म्हटलं. आता वाक्याचं म्या का करू? पण आता तुमी पेलं न. आता नाही भेव.” त्यांनी माठात पेला बुडवला. “ये वं इकडं. ऊठ. पाणी पे.” पोरगी उठली, रंगाचे हात फ्रॉकला पुसत आली. “थे तुरट लागते,” ती म्हणाली. “गुमान पे. मॅडमनं पेलं, पाह्यलं नाही का?” पोरीनं मिनलकडं पाहिलं आणि हसली. तिचे पुढचे दोन दात नुकतेच आलेले होते. त्यांच्यावर खडूनं ओढाव्यात तशा आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, आणि एका ठिकाणी तपकिरी. टँकर सुरू व्हायच्या आधीची वर्षं तिच्या दातांवर उमटलेली होती.

“नोका देऊ तिले!” हे कोण ओरडलं ते मिनलला आधी कळलंच नाही. अण्णांच्या घरात जी बोली जिभेवर यायला बंदी होती ती तिच्याच तोंडातून निघाली होती, आणि तिचा हात पोरीच्या तोंडाशी गेलेल्या पेल्यावर होता. अर्धं पाणी फरशीवर सांडलं, खडूचं चित्र भिजलं. पोरगी भेदरून आजीला चिकटली. मीराबाईंनी आधी सांडलेल्या पाण्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “म्हणजे पाणी खराब आहे?” मिनलनं तोंड उघडलं. ते वाक्य तयार होतं. पाच टक्के सार्थकता पातळीवर. ते तिच्या जिभेच्या टोकावर होतं, नेमकं, निर्दोष, कुठूनही पकडता न येणारं, आणि पहिल्यांदाच तिला ते ओकारीसारखं वाटलं. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. एवढी वर्षं पोरांना झोडपून जे शिकवलं त्याचा सगळा अर्थ एवढाच होता, आणि तो तिनं एकदाही या शब्दांत सांगितला नव्हता. “मला खरंच माहीत नाही, मीराबाई. बाटल्या कमी होत्या. जेवढ्या होत्या त्यात आकडा वर होता. तुमच्या लेआउटमधल्या एका घराचा तर फारच. चांगलं आहे म्हणायला माझ्याजवळ काहीच नाही. हिला नका देऊ.” “वर होता?” सरिता म्हणाली. आकडे तिनंच भरले होते, तिला ते ठाऊक होते. ती फक्त मॅडमच्या तोंडून ऐकत होती. मीराबाई मात्र अजून मिनलकडंच पाहत होत्या. त्यांना काहीतरी जुळत नव्हतं. “माहीत नव्हतं,” त्या सावकाश म्हणाल्या, “मंग तुमी काहून पेलं?”

कूलर घरघरत होता. मिनलनं ताटलीतल्या रिकाम्या पेल्याकडं पाहिलं. “तुम्हांला वाटलं असतं...” ती म्हणाली. “मी बाटली काढली तेव्हा... तुम्हांला वाटलं असतं, की मी...” पुढचं म्हणायची गरज नव्हती, मीराबाईंना ते केव्हाच समजलं होतं. त्यांनी पोरीच्या डोक्यावरचा हात काढला नाही. “एवढ्यासाठी?” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. पण आता त्या जशा पाहत होत्या ते पाहणं मिनलच्या चांगलंच ओळखीचं होतं. ‘स्वीकारले’ लिहिणाऱ्या पोराच्या पेपराकडं ती स्वतः तसंच पाहायची, राग संपल्यावर, लाल पेनाचं टोपण लावता लावता. तिनं मान खाली घातली. मीराबाईंनी पोरीच्या हातातला पेला घेतला, दारापर्यंत गेल्या, उरलेलं पाणी सदाफुलीच्या डब्यात ओतलं आणि पेला उपडा करून झटकला. “सरिता वं,” त्या दारातूनच म्हणाल्या, “कॅनवाल्याले फोन लाव. आन् मॅडमले गाडीपर्यंत सोडून ये, ऊन लय आहे.”